स्टॉकहोमचं स्तूरशिर्कान कसं पाहावं: राजवाड्याशेजारच्या गॉथिक चर्चमध्ये एक निवांत सकाळ

आमच्याकडे स्टॉकहोमला पाहुणे आले की मी त्यांना गामला स्तानमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या शहरात, घेऊन जाते. राजवाडा सगळ्यांनाच पाहायचा असतो. तो पाहून झाला की शेजारच्या फिकट पिवळ्या इमारतीकडे बोट दाखवून कुणीतरी विचारतं, "हे काय, एखादं सरकारी ऑफिस का?" विचारणाऱ्याची यात चूक नाही. बाहेरून ती इमारत तशीच दिसते. पण तिच्या आत तेराव्या शतकापासून वाढत गेलेलं, लाल विटांचं गॉथिक चर्च उभं आहे. त्याचं नाव स्तूरशिर्कान. स्तूर म्हणजे मोठं आणि शिर्का म्हणजे चर्च. स्टॉकहोमचं थोरलं देऊळच म्हणा ना!

बहुतेक प्रवासी इथे पंधरा मिनिटं घालवतात. ड्रॅगनचा फोटो काढतात आणि निघतात. मला त्याची फार हळहळ वाटते. या चर्चचं जे काही झालं, ते शेजारच्या राजवाड्यामुळे झालं: एका राजाने त्याचा एक भाग पाडला, पुढे राजवाड्याला शोभावं म्हणून त्याचं रूप बदललं, आणि आतली सर्वांत गाजलेली मूर्ती तर सत्तेची जाहीर घोषणा आहे. हे ठाऊक असलं की त्याच भिंती वेगळ्या दिसू लागतात. म्हणून मी पाहुण्यांना ज्या क्रमाने हे चर्च दाखवते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

निघण्याआधी

पूर्ण सकाळ मोकळी ठेवा. चर्चच्या आत दीड तास आणि बाहेरच्या फेरीला साधारण तेवढाच वेळ लागतो. आत जायला तिकीट आहे. प्रार्थनेला येणाऱ्यांकडून ते घेत नाहीत. दर आणि वेळा बदलतात, म्हणून आदल्या रात्री चर्चच्या अधिकृत वेबसाइटवर एकदा बघून घ्या. रविवारी सकाळी उपासना असते. लग्न, मैफल किंवा सरकारी समारंभ असला तरी पर्यटकांना प्रवेश मिळत नाही. सप्टेंबरात स्वीडनच्या संसदेचं नवं सत्र सुरू होतं तेव्हाची प्रार्थना याच चर्चमध्ये होते. त्या दिवशी हा सगळा परिसर बंदोबस्तात असतो.

रोख पैशांवर विसंबू नका. या शहरात छोट्या दुकानांतही कार्डच चालतं, आणि आपल्याकडचं यूपीआय इथे उपयोगाचं नाही. परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड खिशात असू द्या.

पायात सपाट तळव्याचे बूट हवेत. जुन्या शहरात सगळीकडे गोट्यांची दगडी फरसबंदी आहे आणि पावसात ती निसरडी होते. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर जास्तीचा वेळ धरा. चर्चमध्ये बूट काढायचे नसतात. आपल्या आई-बाबांच्या जिवाला हे फार लागतं, ते दारात घुटमळतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. पुरुषांनी मात्र टोपी काढायची.

महिना कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. आतल्या विटांचा रंग बघायचा असेल तर उजेड हवा, म्हणून हिवाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास आत शिरा. तरीही कुणी मला विचारलं तर मी हिवाळाच सुचवेन. गर्दी नसते, मेणबत्त्या तेवत असतात आणि पावलांचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

कुठून यायचं

मेट्रोचं गामला स्तान स्टेशन सोयीचं आहे, तिथून पाच-सात मिनिटांत चर्चपाशी पोचता. पण मी पाहुण्यांना मुद्दाम दुसऱ्या बाजूने आणते. कुंगस्ट्रेडगोर्डन स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पाण्याच्या कडेने राजवाड्याला वळसा घालत गुस्ताव तिसऱ्याच्या पुतळ्यापाशी यायचं. इथून वर चढणारा रुंद दगडी उतार म्हणजे स्लॉट्सबाकन, राजवाड्याची चढण.

चढायला लागण्याआधी इथे दोन मिनिटं थांबा. उजव्या हाताला राजवाड्याची लांबलचक भिंत आहे. सरळ वर, चढणीच्या माथ्यावर, चर्चचा पूर्वेकडचा भाग दिसतो. रंग, खिडक्यांची ठेवण, उभ्या खांबांच्या पट्ट्या बघा. दोन्ही इमारती एकाच घरातल्या वाटतात. त्या तशा वाटाव्यात म्हणूनच हे केलेलं आहे.

इथे पूर्वी 'ट्रे क्रोनोर', म्हणजे तीन मुकुट, नावाचा जुना किल्ला होता. ७ मे १६९७ रोजी तो आगीत भस्मसात झाला. राजा अकरावा कार्ल महिनाभरापूर्वीच वारला होता आणि त्याचं शव दफनाची वाट पाहत किल्ल्यातच ठेवलेलं होतं. ते ऐन आगीतून बाहेर काढावं लागलं. त्या जागी धाकट्या निकोडेमस टेसिनने आजचा राजवाडा आखला. सहाशेहून अधिक खोल्यांचं हे काम इतकं लांबलं की राजघराणं तिथे राहायला आलं ते १७५४ मध्ये. टेसिन त्याच्या पंचवीस-एक वर्षं आधीच गेला होता.

इतका देखणा, नव्या धाटणीचा वाडा उभा राहत असताना शेजारी मध्ययुगीन विटांचं चर्च विजोड दिसू लागलं. मग १७३६ ते १७४२ या काळात शहराचे वास्तुरचनाकार योहान एबरहार्ड कार्लबर्ग यांनी चर्चला बाहेरून बरोक शैलीचा नवा साज चढवला. पाहुण्यांना जे सरकारी ऑफिस वाटतं, ते हे बाहेरचं आवरण.

पूर्वेच्या भिंतीपाशी

माथ्यावर पोचलात की चर्चच्या या टोकाला ओलाउस पेट्रीचा पुतळा आहे. हा माणूस लक्षात ठेवा, आत तो पुन्हा भेटणार आहे. स्वीडनमधल्या धर्मसुधारणेचा हा मुख्य प्रवर्तक. उपासना लोकांना कळेल अशा स्वीडिश भाषेत व्हावी म्हणून तो झगडला. बायबलमधल्या 'नव्या करारा'चं स्वीडिश भाषांतर १५२६ मध्ये निघालं, त्यामागे त्याचा हात होता.

आता पुतळ्यामागची भिंत नीट पाहा. गॉथिक चर्चमध्ये पूर्वेचं टोक सर्वांत महत्त्वाचं. वेदी तिथेच असते, आणि तो भाग सहसा लांब पुढे आलेला असतो. इथे चर्च एकदम संपतं. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाने तो पुढे आलेला भाग पाडून टाकला. किल्ल्याच्या बचावासाठी त्याला मोकळी जागा हवी होती, भिंतीला भिडलेली इमारत शत्रूच्या सोयीची ठरली असती. तुम्ही उभे आहात त्या बाजूला कधीकाळी वेदी होती. पाहुण्यांपैकी जे इतिहासवेडे असतात, ते इथेच सर्वांत जास्त रेंगाळतात.

आत शिरताना

पत्ता आहे त्रोंगसुंद १. तिकिटाच्या टेबलावर माहितीपत्रक मिळालं तर घ्या, त्यातला नकाशा उपयोगी पडतो. फ्लॅश न वापरता फोटो काढायला सहसा हरकत नसते. प्रार्थना चालू असेल तर मात्र फोन खिशात.

आत पाऊल टाकल्यावर लगेच पुढे जाऊ नका. मागच्या बाकावर बसा आणि वर बघा. खांबांच्या लाल विटा तशाच वर चढत जातात, माथ्यावर फाकतात, आणि त्यांच्या बरगड्या एकमेकींत गुंफून छत तोलतात. टोकदार कमानी आणि या बरगड्या, ही गॉथिक बांधणीची मुख्य खूण. छताचं वजन बरगड्यांतून खांबांवर उतरतं. त्यामुळे सगळा भार भिंतींवर राहत नाही आणि इमारत उंच, मोकळी करता येते.

मुंबईकरांना या कमानी परक्या वाटणार नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या तिकीटघरात मान वर करून कधी पाहिलं असेल, तर टोकदार कमानी आणि बरगड्यांचं छत तिथेही आहे. ते एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक, म्हणजे या जुन्या शैलीचं केलेलं पुनरुज्जीवन. स्तूरशिर्कान त्याच्या कित्येक शतकं आधीचं, आणि दगडाऐवजी विटेचं. बाल्टिक समुद्राच्या काठच्या प्रदेशांत घडाईजोगा दगड कमी आणि चिकणमाती मुबलक. म्हणून उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहरापासून इकडे सगळीकडे विटांचं गॉथिक रुजलं. स्टॉकहोमचा व्यापार ल्यूबेकच्या जर्मन व्यापाऱ्यांशी जखडलेला होता, त्यामुळे मालाबरोबर बांधकामाची रीतही आली.

या चर्चचा पहिला लेखी उल्लेख १२७९ सालचा आहे, आणि १३०६ मध्ये ते संत निकोलसच्या नावाने अर्पण झालं. निकोलस हा दर्यावर्दींचा कैवारी, बंदराच्या गावाला साजेसा. पुढे दोन शतकं दोन्ही बाजूंना भर पडत गेली आणि पंधराव्या शतकाअखेर खांबांच्या रांगांनी पाच समांतर पट्ट्यांत विभागलेलं ऐसपैस सभागृह तयार झालं. बाकावर बसून खांबांच्या रांगा मोजा. चर्च एकदाच आखून बांधलेलं नाही, वाढत्या संसाराला खोल्या काढाव्यात तसं ते रुंदावत गेलं आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

या विटाही मधली बरीच वर्षं गिलाव्याखाली होत्या. १९०३ ते १९०८ च्या दुरुस्तीत तो गिलावा खरवडून काढला. गोव्याच्या वाचकांना इथे जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च आठवेल. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढला आणि जांभा दगड उघडा पडला. आपण आज तेच रूप मूळचं समजतो. तिथे बाहेरून, इथे आतून. फरक एवढाच की विटा इथे छपराखाली सुरक्षित आहेत आणि तिथला जांभा दर पावसाळ्यात भिजतो.

ड्रॅगनपाशी अर्धा तास

आता उठा आणि वेदीच्या दिशेने चला. घोड्यावरचा संत ग्योरान आणि त्याच्या पायतळी उलथलेला ड्रॅगन दिसल्यावाचून राहणार नाही. इंग्रजीतला सेंट जॉर्ज, तोच इथला ग्योरान.

आधी लांबून पाहा. घोडा मागच्या पायांवर उठला आहे, संताची तलवार उगारलेली आहे, ड्रॅगन आडवा पडून भाल्याला झोंबतो आहे. मग जवळ जा आणि ड्रॅगनचं अंग निरखा. त्याला फुटलेले ते फाटे खरी शिंगं आहेत. एल्क नावाच्या इथल्या भल्यामोठ्या हरणाची शिंगं ओकच्या लाकडात बसवून कारागिराने हे अंगावर येणारं जनावर उभं केलं. मध्ययुगातल्या माणसाने जंगलात पाहिलेलीच शिंगं चर्चमध्ये ड्रॅगनच्या अंगावर पाहिली, तेव्हा त्याला काय वाटलं असेल! खाली चौथऱ्यावर संताची कथा कोरली आहे, तिला एक फेरी घाला. थोड्या अंतरावर, वेगळ्या बैठकीवर, गुडघे टेकून प्रार्थना करणारी राजकन्या आहे. ती बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. ड्रॅगनच्या तोंडून तिलाच वाचवायचं आहे, तेव्हा तिच्या जागेवरून मागे वळून एकदा लढाई पाहा.

ही मूर्ती १४८९ ची, आणि तिचं श्रेय ल्यूबेकचा कलाकार बर्न्ट नोटके याला दिलं जातं. करवून घेतली ती स्टेन स्टूरे या स्वीडनच्या कारभाऱ्याने. १० ऑक्टोबर १४७१ रोजी शहराच्या उत्तरेला ब्रुन्केबर्गच्या टेकडीवर त्याने डेन्मार्कचा राजा पहिला क्रिस्टियान याचा पराभव केला होता. संताच्या जागी स्टूरे, ड्रॅगनच्या जागी डॅनिश राजा आणि राजकन्या म्हणजे स्टॉकहोम, असा अर्थ तेव्हाच्या बघणाऱ्याला कुणी सांगावा लागत नसे. मूर्तीत संतांचे पवित्र अवशेषही ठेवले होते, त्यामुळे लोक तिच्यापुढे हात जोडत. एकाच वस्तूत भक्ती आणि राजकारण इतकं एकजीव झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मुलं बरोबर असतील तर त्यांना ड्रॅगनच्या पिल्लाचे अवशेष आणि हाडं-कवट्या शोधायला सांगा.

आकाशातलं खळं

आता 'वेडरसूल' चित्र शोधा. वेडरसूल म्हणजे सूर्याशेजारी दिसणारे खोटे सूर्य. माझ्या मते या चर्चमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जुनं स्टॉकहोम शहर आणि वर आकाशात एकमेकांना छेदणारी पांढरी वर्तुळं. आपल्याकडे याला खळं म्हणतात. चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, असं जुनी माणसं सांगायची, तेच हे, फक्त सूर्याचं.

२० एप्रिल १५३५ रोजी सकाळी स्टॉकहोमवर हे दृश्य दिसलं. सूर्याभोवती कडी आणि बाजूला खोटे सूर्य. शहरात घबराट पसरली. गुस्ताव वासाने धर्मसुधारणेच्या नावाखाली चर्चची संपत्ती ताब्यात घेतली होती, तेव्हा हा त्याच्यावरचा दैवी कोप आहे, असं बोललं जाऊ लागलं. ओलाउस पेट्रीने, हो, बाहेरच्या पुतळ्यातल्याच, हे चित्र काढवून घेतलं. राजा आणि तो यांचं पुढे इतकं फाटलं की १५४० मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. नंतर दंड भरून घेऊन जीवदान मिळालं.

मूळ चित्र हरवलं. समोर आहे ती याकोब एल्बफास याने १६३६ मध्ये केलेली प्रत, स्टॉकहोमचं सर्वांत जुनं ज्ञात रंगीत चित्र. शहर पश्चिमेकडून दाखवलं आहे. मधोमध हे चर्च आणि त्याच्या मागे ट्रे क्रोनोर किल्ला. पिवळा साज चढण्याच्या दोनशे वर्षं आधीचं चर्च पाहायचं असेल तर ते इथेच दिसतं. म्हणून मी बाहेरची फेरी आधी घालायला सांगते.

एक प्रयोग शिकून घ्या, हिवाळ्यात इथल्या रस्त्यावरही उपयोगी पडेल. ढगांतल्या षटकोनी हिमकणांतून प्रकाश वळतो आणि साधारण २२ अंशांवर कडं उमटतं. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं. सूर्य एखाद्या इमारतीआड लपवा, त्याच्या जागी अंगठा धरा आणि करंगळीच्या टोकाशी खळं शोधा. सूर्याकडे थेट बघू नका.

उरलेलं, पण वगळू नये असं

मुख्य वेदी काळ्या एबनी लाकडाची आणि चांदीची, सतराव्या शतकाच्या मध्यातली. जवळच सात फाट्यांची पितळी समई म्हणावी अशी दीपमाळ आहे. ती पंधराव्या शतकातली, माणसाच्या दुपटीहून उंच.

मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर राजघराण्याची आसनं आहेत, वर प्रचंड मुकुट आणि तो पेलणारे देवदूत. १६८४ ची ही रचना टेसिनची, राजवाडा आखणारा तोच टेसिन. कोरीवकाम बुर्खार्ड प्रेख्टचं. सोन्याने मढवलेलं उंच प्रवचनपीठही प्रेख्टचंच, आणि त्याच्या खाली ओलाउस पेट्रीची कबर. आयुष्यभर लोकांच्या भाषेत बोलत राहिलेला माणूस आजही प्रवचन देणाऱ्याच्या पायाशी आहे, हे मला फार हृद्य वाटतं.

या आसनांमधून जाणाऱ्या वाटेवरून १९ जून १९७६ ला आजचे राजे सोळावे कार्ल गुस्ताव आणि सिल्विया वेदीपाशी आले, आणि २०१० मध्ये त्याच तारखेला त्यांची कन्या व्हिक्टोरिया व डॅनियल. १८७३ मध्ये दुसऱ्या ऑस्करचा राज्याभिषेक इथे झाला. स्वीडनमधला तो शेवटचा राज्याभिषेक.

उपासना चालू असताना आलात तर मागे शांत बसा. पवित्र भाकरी घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा जागेवरच राहिलं तर कुणी वावगं मानत नाही. तो प्रसाद म्हणून घ्यायला जाऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. मेणबत्ती मात्र कुणीही लावू शकतं. माझ्या आईने लावली होती, वडिलांच्या नावाने.

बाहेर पडल्यावर

वेळ जुळत असेल तर राजवाड्याच्या बाहेरच्या चौकात पहारा बदलण्याचा सोहळा पाहा. रोजच्या दिवशी दुपारी सव्वाबारा आणि रविवारी सव्वाएक ही त्याची नेहमीची वेळ. हिवाळ्यात तो रोज होत नाही. चर्चमधून बाराला बाहेर पडलात की नेमके पोचता.

त्यानंतर स्तूरतोरियेत चौकातून शोपमानगातान गल्लीने पूर्वेला चालत जा. टोकाशी तीच ड्रॅगनची लढाई ब्राँझमध्ये, उघड्यावर, १९१२ सालची. आत मनाई असल्यामुळे हात लावायचा राहून गेलेल्या मुलांचं इथे समाधान होतं.

अंगात त्राण असेल तर जुनं शहर पार करून पश्चिमेला रिद्दारहोल्मन बेटावर जा. तिथलंही चर्च मध्ययुगीन, लाल विटांचं, आणि ते कुणी पिवळ्या साजाखाली झाकलं नाही. १६३२ मध्ये वारलेल्या दुसऱ्या गुस्ताव अडॉल्फपासून १९५० मध्ये वारलेल्या पाचव्या गुस्तावपर्यंत जवळपास सगळ्या राजांना तिथे पुरलं आहे. ते हिवाळ्यात बंद असतं, पण बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही. तसंच पुढे चालत नगरभवनाच्या पाण्याकाठच्या बागेत या आणि मागे वळा. आता तुम्ही शहराच्या पश्चिमेला आहात, वेडरसूल चित्रात शहर जिकडून पाहिलं आहे त्याच बाजूला. पुढे रिद्दारहोल्मनचा जाळीदार लोखंडी कळस, आणि छपरांच्या मागे स्तूरशिर्कानचा मनोरा. चित्राचा फोटो काढला असेल तर तो इथे उघडा आणि शेजारी धरून पाहा.